अण्णांनी जूनमध्ये ऐकलेला आवाज

आधीच सांगून टाकतो, मी आजवर या साइटवरचे भुताखेतांचे अनुभव फक्त हसायला म्हणून वाचत आलोय. रिकाम्या खोलीतले पैंजण, रस्त्यावर लिफ्ट मागणारी बाई वगैरे... बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि दोघं खिदळायचो. माझं शिक्षण मेकॅनिकलचं, पोट सॉफ्टवेअरवर. ज्या गोष्टीला नट-बोल्ट नाही किंवा कोड नाही ती गोष्टच नाही, असं माझं साधं तत्त्वज्ञान. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलोय याची मला थोडी लाजच वाटतेय. यात भूत नाही हं. एक जुनी गाडी आहे आणि माझे वडील आहेत. भूत शोधायला आलेल्यांनी इथूनच मागे फिरावं, मला राग नाही.

साल २००५. आम्ही तेव्हा मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहायचो. मी, बायको अनघा आणि अडीच वर्षांची सई. गाडी एकच होती – १९९२ सालची जपानी सेडान, परत पुण्याला निघालेल्या एका मित्राकडून घेतलेली. मूळचा रंग मरून, पण मिनेसोटात हिवाळ्यात रस्त्यावरच्या बर्फावर टाकतात ते मीठ खाऊन खाऊन तो चिंचेच्या कोळासारखा झालेला. मी ऑफिसला दुसऱ्या एकाबरोबर कारपूल करायचो. गाडी असायची अनघाकडे. ती रोज सईला डेकेअरला सोडून हायवेने ब्लूमिंग्टनला ऑफिसला जायची. म्हणजे त्या गाडीचं चाक हललं तर माझी बायको आणि पोरगी हलणार, इतका सरळ हिशेब होता.

एप्रिलमध्ये आई-अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. कराडला बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर होते. पुढचा ॲक्सल हे त्यांचं खास काम. पत्र्यावर पडणारे हातोडे ऐकून ऐकून रिटायर होईपर्यंत त्यांचे कान जवळजवळ गेले होते. कानाला यंत्र लावायचे, पण ते शिट्टी मारायचं म्हणून बहुतेक वेळ काढूनच ठेवलेलं. फोनवर तर ते दोन वर्षं आलेच नव्हते. मी काय बोललो ते आई ओरडून त्यांना सांगायची, ते काय म्हणाले ते मला सांगायची.

इथे आल्यावर आईला अनघा होती, सई होती, स्वयंपाकघर होतं. अण्णांना काहीच नव्हतं. सकाळी उठून खिडकीत उभे राहायचे. म्हणायचे, "सुध्या, या गावात माणसं राहतात का रे? का नुसतं गवतच कापतात?"

आणि मग आमच्या नशिबाने गाडी वाजायला लागली.

स्पीड ब्रेकरवरून गेलं की पुढून डावीकडून खडखड यायची. मी म्हटलं, शॉक ॲबसॉर्बर गेला असणार, पुढचे दोन्ही बदलून टाकू. अण्णांनी कपाळाला हात लावला. "पोट दुखतंय म्हणून पाय कापणार का? आधी बघ तरी, दुखतंय कुठे!" शनिवारी सकाळी त्यांनी माझी जुनी ट्रॅकपँट चढवली आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये कामाला लागले. मला बॉनेटवर दाबून गाडी हलवायला लावली. स्वतः गुडघे टेकून लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातात धरली आणि त्याचं टोक एकेका भागाला लावत गेले. शेजारची गोरी बाई कुत्र्याला घेऊन चालली होती, ती थांबून बघायलाच लागली. सई आपली टाळ्या पिटतेय – "आजोबा इज ईटिंग द कार!"

"कान गेले म्हणून काय झालं, हाडं ऐकतात की," अण्णा म्हणाले. दहा मिनिटांत त्यांनी बोट ठेवलं – स्वे बारची लिंक. वीतभर लांबीची एक दांडी असते, दोन्ही टोकांना सांधा. तो सांधा ढिला झालेला.

पार्टच्या दुकानातला तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. काउंटरवरच्या माणसाने सगळ्यात स्वस्त लिंक काढली. मी म्हटलं, "अण्णा, हिला लाइफटाइम वॉरंटी आहे. आजन्म!"

"कुणाच्या जन्माची? तिच्या का माझ्या?" म्हणून त्यांनी खोक्यातून ती काढली, सांधा अंगठ्याने हलवून बघितला आणि परत ठेवली. "ही खोक्यातच म्हातारी झालीय. दुसरी दाखव म्हणावं." तिसरी लिंक पसंत पडली. तिला ग्रीस भरायचं निप्पल होतं आणि सांधा इतका घट्ट की मला हलवता येईना. "नवीन सांधा हा असा पाहिजे. नव्या नवरीसारखा... बोलवलं तरी लवकर हलायला नको." काउंटरवरच्या माणसाने विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, ही क्वालिटी चांगली आहे म्हणतायत. बाकीचं भाषांतर मला जमण्यातलं नव्हतं.

दुपारी लिंक बसली. खडखड गेली! त्या संध्याकाळी अण्णा मान वर करून जेवले. दोनदा आमटी मागितली. कराड सोडल्यापासून मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं. लहानपणी डेपोत त्यांचा डबा घेऊन जायचो तेव्हा ते बसच्या पोटातून असेच काळे हात घेऊन बाहेर यायचे. मला ते दिसले की काय वाटायचं ते आठवलं. खरं सांगतो, तेव्हा मला वाटलं होतं की गाडी अशीच थोडी थोडी बिघडत राहावी.

जूनमध्ये एक दिवस आम्ही सगळे तळ्यावर गेलो होतो. अण्णा माझ्या शेजारी पुढे बसलेले. आपल्याकडे ती ड्रायव्हरची बाजू, त्यामुळे सिग्नल आला की ते सवयीने पायाने ब्रेक दाबायचे. परत येताना एका डाव्या वळणावर ते एकदम म्हणाले, "सुध्या, हे ऐकलंस?"

"काय?"

"उजव्या चाकात. दोन हलके ठोके आणि मग एक जड."

मी खिडक्या उघडल्या, रेडिओ बंद केला, त्याच वळणावर परत गेलो. काही नाही. अनघाला मागे विचारलं, तिलाही काही नाही. अण्णा म्हणाले, "आत्ता पण आला."

पुढचे दोन आठवडे हेच. कधी बाजारात जाताना, कधी देवळात जाताना, डावीकडे वळलो की अण्णा हात वर करायचे – "आला." मला कधी आला नाही. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर दातात धरून उजवं चाक तपासलं. तेव्हा मात्र म्हणाले, "उभ्या गाडीत काही लागत नाही. पण चालताना येतोय." त्यांच्या मते तो खालच्या आर्मचा बॉल जॉइंट होता. चाकाला गाडीशी धरून ठेवणारी ती लोखंडी भुजा, तिच्या टोकाला वाटीत बसवलेली गोळी. ती गोळी वाटीतून निसटली तर चाक आडवं पडतं. "पोरीला घेऊन हायवेवर जाते अनघा. हे असं ठेवू नको," ते म्हणाले.

म्हणून मी गाडी रॉनकडे नेली. रॉन म्हणजे आमच्या भागातला एकटा काम करणारा म्हातारा मेकॅनिक, अतिशय सरळ माणूस. त्याने गाडी लिफ्टवर घेतली, पहार घालून ती भुजा खालीवर करून पाहिली. अण्णांनाही पहार दिली. त्यांनी पण जोर लावून पाहिलं. तसूभर हालचाल नाही. "टाइट ॲज अ ड्रम," रॉन म्हणाला.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "आता नाहीये. पण आवाज येतोय. डेपोत नियम होता, ड्रायव्हरने लिहिलं की आवाज येतोय, म्हणजे येतोय. फिटरला सापडला नाही तर तो फिटरचा दोष."

मी सकाळपासून सुट्टी घेऊन तिथे उभा. ऑफिसातून दोनदा फोन येऊन गेलेला. माझं डोकं फिरलं. आणि त्यांच्याशी मोठ्याने बोलावं लागायचं म्हणून मी मोठ्यानेच बोललो – "अण्णा, शेजारी बसून माणसं बोलतात ते तुम्हाला ऐकू येत नाही, आणि नसलेला आवाज तेवढा बरा ऐकू येतो!"

रॉनला मराठी येत नव्हती, तरी तो खाली बघून हात पुसायला लागला. यावरूनच समजा मी कसा बोललो असेन ते. अण्णांना ते बरोबर ऐकू आलं. घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर आवाजाचं नाव काढलं नाही. मात्र माझ्या पाठीमागे अनघाला घेऊन ते पार्टच्या दुकानात जाऊन आले. तिने मला नंतर सांगितलं, चार खोकी उघडायला लावली, एकेक बॉल जॉइंट अंगठ्याने दाबून पाहिला. काउंटरवरचा माणूस आधी वैतागला, मग त्याला पण मजा यायला लागली आणि पाचवं खोकं त्याने आपणहून आणून दिलं. त्यातली, बॉल जॉइंट लावलेली अख्खी भुजा अण्णांनी विकत घेतली आणि जुन्या चादरीत गुंडाळून डिकीत, स्टेपनीशेजारी ठेवली. मी परत करायला निघालो तर अनघा म्हणाली, "राहू दे ना रे. डिकीत काय खायला मागतंय का ते?"

आणि त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. एका पाकिटाच्या मागे, डेपोत ड्रायव्हर तक्रार लिहितात तशी. ती माझ्याकडे अजून आहे, म्हणून शब्दशः देतो: "तक्रार – पुढील उजवे चाक. डावीकडे वळताना तीन ठोके. दोन हलके, तिसरा जड. तिसऱ्यानंतर गाडी जोरात नेऊ नये, ताबडतोब बाजूला घेणे." खाली तारीख, जूनची. आणि सही. ती त्यांनी फ्रिजवर सईच्या चित्राशेजारी लावली.

ऑगस्टमध्ये आई-अण्णा परत गेले. एअरपोर्टवर मी पाया पडलो तेव्हा डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "गाडी हळू हाक." मला तेव्हाच बोलायचं होतं. पण मागे लाइन होती, सई रडत होती, पासपोर्ट शोधायचे होते... राहिलं.

सप्टेंबरमध्ये एक माणूस स्टॉप साइनला न थांबता आला आणि त्याने आमची गाडी ठोकली, बरोबर पुढच्या उजव्या चाकावर. अनघा एकटी होती, तिला सुदैवाने काही झालं नाही. फेंडर गेला, चाक वाकलं, खालची ती भुजापण वाकली. त्याच्या इन्शुरन्सने ठरवलेल्या वर्कशॉपने सगळं बदलून दिलं. त्यांनी आपलाच पार्ट घातला. डिकीतला द्यायचं माझ्या लक्षातही आलं नाही. उलट मी आईला फोनवर हसत सांगितलं, "अण्णांना म्हणावं, तुमचा उजवा बॉल जॉइंट गेला एकदाचा भंगारात. नवीन बसला."

आईने ओरडून सांगितलं. मग परत फोनवर आली. "ते विचारतायत, डिकीतला घातला का?"

"नाही गं, वर्कशॉपने त्यांचा घातला."

"बरं," आई म्हणाली. "उठून बाहेर गेले रे ते."

मी फ्रिजवरची चिठ्ठी काढली आणि गाडीच्या कागदांत टाकून दिली.

नोव्हेंबरातला शनिवार. आमच्याकडच्या मराठी लोकांचा दिवाळीचा कार्यक्रम होता. दिवाळी होऊन गेली होती, पण इथे हॉल मिळेल तेव्हा दिवाळी. सकाळचे साडेदहा. बर्फ नव्हतं, रस्ता कोरडा, स्वच्छ ऊन. मी चालवत होतो. अनघा शेजारी, पैठणी नेसून, मांडीवर मसालेभाताचं पातेलं. सई मागे. सिग्नलला डावीकडे वळलो. पुढे अर्ध्या मैलावर हायवे.

टक. टक.

अनघा म्हणाली, "काय वाजलं रे?"

आणि तिसरा आला. ठप्प! जड. पाटावरवंटा जमिनीवर ठेवावा तसा.

मंडळी, मी तो आवाज आधी कधीच ऐकला नव्हता, पण ओळखला. फ्रिजसमोर उभा राहून दूध ओतताना रोज वाचलेली ती चिठ्ठी अख्खी डोळ्यांपुढे आली. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी 'सोमवारी बघू' म्हणून हायवेला लागलो असतो. मी तसलाच माणूस आहे. पण पायाने आपोआप ब्रेक दाबला. उजवीकडे गालिच्यांच्या दुकानाचं पार्किंग होतं, त्यात माणूस चालेल त्या स्पीडने गाडी घातली. रिकाम्या जागेकडे चाक वळवलं आणि धाड्! गाडी उजव्या नाकावर बसली. मसालेभात सगळा डॅशबोर्डवर.

मग मागून सई म्हणाली, "अगेन!"

उतरून बघितलं तर उजवं चाक गाडीखाली आडवं पडलेलं. गोळी वाटीतून बाहेर. अनघाने हायवेकडे बघितलं, सईला उचललं आणि तिथेच पैठणीसकट फुटपाथवर बसली.

सोमवारी गाडी रॉनच्या लिफ्टवर होती. त्याने बराच वेळ बघितलं. "हा तो आर्म नाही, जो मी समरमध्ये बघितला होता."

मी म्हटलं, "सप्टेंबरमध्ये ठोकली होती, तेव्हा वर्कशॉपने बदलला."

"कुठलातरी स्वस्तातला आहे. दोन महिन्यांत वाटी फाकली." मग त्याने पहार खाली ठेवली. "तुझे वडील परत कधी गेले?"

"ऑगस्टमध्ये."



तुमच्या लक्षात आलं असेलच. ज्या पार्टचा आवाज अण्णांनी जूनमध्ये ऐकला, तो पार्ट जूनमध्ये आमच्या गाडीत नव्हताच. जो होता तो ठणठणीत होता आणि तो कधीच भंगारात गेला होता. ठोकणारा माणूस तेव्हा त्याच्या घरी होता. वर्कशॉपने तो स्वस्तातला पार्ट अजून मागवलाही नव्हता.

मी सगळं करून बघितलंय हो. योगायोग म्हणून बघितलं. जुन्या गाड्यांचे बॉल जॉइंट जातातच, अनुभवी माणसाने अंदाज बांधला, असंही म्हणून बघितलं. पण अंदाज बांधणारा माणूस 'डावीकडे वळताना' लिहील का? दोन हलके, तिसरा जड, हे लिहील? अनघानेही ते तीन ठोके मोजलेत. चिठ्ठीवर तारीख आहे, त्यांच्या हाताची. हाडं ऐकतात हे मला मान्य, पण हाडं नोव्हेंबर कसा ऐकतील?

रॉनने डिकीतला आर्म बसवला. चादर सोडली तेव्हा त्याने तो अंगठ्याने हलवून बघितला आणि म्हणाला, "चांगला निवडलाय." पुढे २००८ मध्ये आम्ही गाडी विकली तोवर त्यातून कधी हूं की चूं आलं नाही.

त्याच दिवशी मी कराडला फोन लावला. आईला सगळं सांगितलं. ती घाबरून रडायलाच लागली. मी म्हटलं, "अण्णांना दे."

"अरे, त्यांना फोनवर नाही ऐकू येत..."

"दे गं तू."

दोन वर्षांनी त्यांचा आवाज फोनवर आला. "हॅलो! बोल सुध्या!" एवढ्या मोठ्याने, की अनघाला दुसऱ्या खोलीत ऐकू गेलं. मला मोठ्याने बोलताच येईना. मी म्हटलं, "अण्णा, मी चुकलो. रॉनकडे बोललो ते बोलायला नको होतं. तुम्ही आम्हा तिघांना वाचवलंत." पलीकडे नुसती खरखर. मग ते म्हणाले, "डिकीतलाच घातला ना?"

"हो, अण्णा."

"मग आता अनघाला म्हणावं, खुशाल चालव." आणि फोन आईकडे गेला.

पुढच्या रविवारी आईला विचारलं तर म्हणाली, "तू काय बोललास ते मलाच विचारत होते रे नंतर. मी म्हटलं, गाडी नीट झाली म्हणाला असेल."

पुढे समोरासमोर सांगू म्हणत राहिलो. कधी सुट्टी मिळेना, कधी व्हिसाचं स्टँपिंग, कधी तिकिटं. २००७ मध्ये अण्णा गेले. शेवटी मी पोचलो तेव्हा ते काहीच ऐकू येण्याच्या स्थितीत नव्हते.

त्या आवाजाचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. आता मिळेल असं वाटत नाही, आणि खरं सांगू का, न मिळालं तरी मला चालेल. मला जे उमगत नाही ते वेगळंच आहे. त्यांच्या कानांचं कळत होतं, फोनचं कळत होतं, मग दोन वर्षांत मी एक साधं पोस्टकार्ड का नाही टाकलं? त्यांनी स्वतः मला लिहून सांगितलं होतं. मी पण लिहिलं असतं तर त्यांनी वाचलं असतं.